पहिला घास तुझा

सोमवार, ७ जुलै

आले एकदाची. देवणीहून उदगीर, तिथून एसटीनं नांदेड. कंबर मोडली, पण तक्रार नाही. लातूरला एम.एस्सी.ला लागलेला नंबर सोडून मी नांदेडबाहेरच्या या नव्या विद्यापीठात आले ती फक्त सृष्टीमुळं. सृष्टी माझी मावसबहीण, उदगीरची, इथं दुसऱ्या वर्षाला. अख्खा मे महिना रोज तिचा फोन, ये गं, दोघी मिळून राहू. अप्पा म्हणाले, घराजवळचं सोडून कुठं चाललीस. मी म्हटलं, सृष्टी आहे की, मग कसली काळजी.

आज तिनं नवं विद्यार्थी केंद्र दाखवलं. दोन मजले, काचेच्या भिंती, अन् खालचा सगळा मजला नुसता खाण्याचा. माझ्यासारख्या खादाड बाईला अजून काय पाहिजे? दारातच पोहे, इडली अन् आपली मुरमुऱ्याची सुशीला. मधे मसालेभातासारखी तहरी आणि चायनीज. टोकाला भामाबाईंची भाकरी. भामाबाई चाकूरच्या. मी देवणीची म्हटल्यावर त्यांनी न मागता कांदा फोडून दिला आणि शेंगदाण्याची चटणी दोनदा वाढली. मी ठरवलं, रोज एक काउंटर. महिन्याभरात सगळे पालथे घालायचे.

सृष्टी मात्र लई वाळलीय. गालाची हाडं वर आलीत. डाएट करून राहिलीस का, असं विचारलं तर नुसती हसली. मग स्वतः जाऊन माझ्यासाठी दहीभात घेऊन आली. गर्दी इतकी की ताट डोक्यावर धरून, स्वतःभोवती गोल फिरत फिरत वाट काढली तिनं. खांबाजवळच्या टेबलावर माझ्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, पहिला घास तुझा. भातावर लिंबाची फोड होती आणि थोडं लाल काहीतरी. लोणच्याचा खार असेल. मी सगळा भात संपवला.

तेवढ्यात तिला तासाची आठवण झाली आणि ती उठून गेली. पाण्याची बाटली टेबलावरच विसरली. मी दोनदा मोठ्यानं हाक मारली. तिनं काही वळून बघितलं नाही.

गुरुवार, १० जुलै

आज तहरी. वास असा की जीव सुखावला. पण दोन घास खाल्ले अन् बघते तर ताट संपलेलं. बोलण्याच्या नादात खाल्लं असेल म्हणावं, तर बोलायला समोर कुणी नव्हतंच. पोट रिकामं ते रिकामंच. काल इडलीचंही असंच झालं होतं. इथलं पाणी बाधलं वाटतं.

सृष्टीचा फोन लागत नाही. खोली घेताना म्हणाली होती शेजारीच आहे, आता कळलं की तिनं वसतिगृहच बदललं.

सोमवार, १४ जुलै

भामाबाईंनी आज दोन ताटं लावून दिली. मी म्हटलं, मावशी, मी एकटीच आहे. त्या म्हणाल्या, एक तुमचं, एक तुमच्या संगतच्या ताईचं, त्या खांबापाशी बसल्यात की. मी वळून बघितलं. टेबल रिकामं होतं. भामाबाईंना चष्म्याची गरज आहे असं म्हणून मी हसले, त्या हसल्या नाहीत.

दोन्ही ताटं घेऊन बसले. माझ्या ताटातल्या पिठल्यात बोटं ओढल्याच्या खुणा होत्या. चार बोटं. मी तर अजून हातही लावला नव्हता.

शनिवार, १९ जुलै

बारा दिवसांत ड्रेस ढिला झाला. वर्गातली एक मुलगी म्हणाली की मी सारखी खात असते तरी अशी कशी. म्हणजे लोकांना मी खाताना दिसते. मला घास गिळल्याचं आठवतही नाही.

आज सृष्टी दिसली. डोशाच्या काउंटरवर, मैत्रिणींच्या घोळक्यात. गाल भरलेत. एक डोसा संपवून दुसरा मागवत होती. मी हाक मारल्यावर माझ्याकडं बघितलं, मग माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि ताट तसंच टाकून निघून गेली. मी काय केलंय हिचं? लहानपणी एका ताटात जेवलो आम्ही.

गुरुवार, २४ जुलै

भामाबाईंना गाठलं आणि खरं सांगा म्हटलं.  त्यांनी पीठ मळता मळता सांगितलं. हे केंद्र व्हायच्या आधी इथं पत्र्याची मेस होती, भामाबाई तिथंच भाकऱ्या करायच्या. एकदा बाहेरचे पाहुणे आले, त्यांना जागा पाहिजे म्हणून एका पोरीला भरल्या ताटावरून उठवलं. हातातला घास हातातच राहिला तिच्या. ती पोरगी मागच्या विहिरीत सापडली. विहीर बुजवून त्यावर हा मजला झाला. खांब आहे तिथं.

मग भामाबाई म्हणाल्या, गेल्या साली ती कुणाच्या संगं बसत होती ते सांगू? उदगीरच्या पोरीच्या. तीबी दोन ताटं न्यायची. तुम्ही आल्या त्या दिवसापास्नं ती एकच नेती.

 दहीभात. लिंबाची फोड. ते लाल म्हणजे कुंकू. डोक्याभोवती फिरवलेलं ताट. आणि मागं वळून न बघता जाणं.

उतारा. अंगावरची पीडा ताटात उतरवून तिठ्यावर ठेवतात तो. देवणीत पत्रावळीत असलं काही दिसलं की आम्ही रस्ता सोडून जायचो. पाय लागू द्यायचा नाही, खाणं तर लांबच. शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही, कारण ते स्टीलच्या ताटात होतं, वर चमचा होता, टिश्यू पेपर होता. आणि देणारी सृष्टी होती.

शुक्रवार, २५ जुलै

तिच्या विभागाच्या दारात उभी राहिले. पळू दिलं नाही. ती रडली. म्हणाली, आठ महिने सोसलं, मरायला टेकले होते. उतारा परक्यावर चालत नाही, रक्ताचं माणूस लागतं, स्वतःच्या हातानं पहिला घास द्यावा लागतो. कुणी सांगितलं तुला, असं विचारलं. म्हणाली, आईनं.

म्हणजे मावशीनं. मे महिन्यात मावशी आमच्या घरी आली होती, मला साडी नेसवली, ओटी भरली, माझ्या तोंडावरून हात फिरवला. लातूर नको, माझ्या सृष्टीजवळ जा म्हणाली. आई तर तिच्या पाया पडायला लावत होती मला.

मी त्या बाईच्या पाया पडले.

मंगळवार, २९ जुलै

घरी जायला निघाले होते. उदगीरच्या स्टँडवर केळी घेतली. एक सोललं तर आत काही नाही, नुसतं साल. शेजारची सीट रिकामी होती पण कंडक्टर विचारत होता, दोघींचं एकच तिकीट का.

परत फिरले. आईच्या ताटापाशी हिला कशी नेऊ — धाकटी लीला घरात आहे —

गुरुवार, ३१ जुलै

उभं राहवत नाही. आता ती दिसते. केस ओले. उजवी मूठ मिटलेली, घास धरल्यासारखी. माझ्याकडं बघत नाही, ताटाकडं बघते.

आईला सांगितलं नाही. सांगितलं तर आई स्वतः येऊन बसेल — माझ्या पुढ्यातला पहिला घास उचलेल — ओळखते मी तिला.

मी सृष्टी नाही. हे लिहून ठेवते. मी सृष्टी नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

लीलाचा फोन. माझी धाकटी, शिवलीला, बारावीला आहे. उद्या येतेय, आईनं हुग्गी, गव्हाची खीर, करून दिलीय, आणि तिला माझं ते खाण्याचं केंद्र बघायचंय. येऊ नको म्हटलं. ओरडले तिच्यावर. ती रुसली, म्हणाली येणारच.

स्टँडवरूनच परत पाठवायचं. काही झालं तरी.

रविवार, ३ ऑगस्ट

स्टँडवर पोचताच आलं नाही — चक्कर — ती विचारत विचारत इथं आली. खांबाजवळ बसलीय. मी वही घेऊन समोर. हुग्गीचा डबा उघडला तर तळ दिसला. लीला म्हणते आक्का, सगळं सांडलं की काय वाटेत. मला भूक लागलीय गं.

काहीतरी आणते म्हटलं. भाकरी आणणार होते. भाकरीच. भामाबाईंनी माझ्याकडं बघून तोंड फिरवलं. दहीभातच का घेतला — पचायला हलका — म्हणून —

गर्दी होती. ताट वर धरावंच लागलं. फिरवलं नाही मी. वळले फक्त, वाट काढताना. तीनदा — चारदा वळले असेन —

लीला म्हणते, किती वाळलीस आक्का, पहिला घास तू घे. घास माझ्या तोंडापाशी आणला तिनं. मी तिचा हात धरला. नको म्हटलं, राणी, पहिला घास —

खातेय ती. छान आहे म्हणते. जरा गार.

पोटात काहीतरी गेलं माझ्या. आज पहिल्यांदा. ऊब —

मी आता उठते. ती हाक मारेल. मारू दे. मी मागं