पाद्रीबाबांचा उन्हाचा सल्ला

पलूस, ता. १० जानेवारी १९४७

तीर्थस्वरूप आकारामदादा यांस, धाकटा भाऊ नानासो याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. तुमच्या गुडघ्याचे कसे काय? इकडे सर्व खुशाल, फक्त तुमची भावजय मनू माझ्याशी बोलत नाही (कारण पुढे येईल).

पलटणीबरोबर इटलीत होतो तेव्हा आमच्या पाद्रीसाहेबाने एका जुन्या पाद्र्याची हकिकत सांगितली होती. पावणेचारशे वर्षांमागचा स्पेनचा माणूस. देवाची सेवा करायची आणि उरल्या वेळात (तो बराच उरत असावा) बुद्धिबळ खेळायचे. रोमला धर्माच्या कामाला गेला, तिथे कुणाचे तरी बुद्धिबळाचे पुस्तक पाहिले, ते पटले नाही, म्हणून घरी येऊन स्वतःच एक लिहिले. राजाच्या दरबारात बसून खेळला आणि पुढे त्याच दरबारात इटलीहून आलेल्या गड्यांकडून हरला. मला त्या हरण्याचे फार वाईट वाटले. पण ध्यानात राहिला त्याचा एक सल्ला: पट असा मांडावा की ऊन समोरच्याच्या डोळ्यांवर यावे. देवाच्या माणसाने लिहिले म्हणजे पाप नसणार, अशी मी समजूत करून घेतली.

आपले दस्तगीरचाचा कल्हईवाले. मिसरूड फुटल्यापासून मी त्यांच्याशी खेळतो आणि हरतो. गेल्या रविवारी दिवस कलल्यावर ओट्यावर त्यांना मावळतीकडे तोंड करून बसवले ("चाचा, हितं बसा, वारं कमी लागतंय"). आणि दादा, मी जिंकलो. पण चाचांनी ना डोळे मिचकावले, ना हात आडवा धरला. प्रत्येक चालीआधी बोटांनी मोहरे चाचपत होते. घरी येऊन हे सांगितले, तर मनूने त्यांनीच नुकते कल्हई केलेले पातेले पुढे ठेवले. निम्म्या तळाला कल्हईच नव्हती. म्हणाली, "दिसत न्हाई त्या मानसाला उनात बसवलंसा व्हय?" तेव्हापासून ताट मुकाट्याने वाढते.

दुसऱ्या दिवशी चाचांना विचारले, तर म्हणाले, "बोटास्नी दिसतंय की, लेका." मिरजेच्या डॉक्टरकडे चला म्हटले, तर उठून गेले. चार दिवस ओट्यावर आले नाहीत. त्यांची लेक जरिना सांगते, डोळ्यांचे नाव काढले की जेवत नाहीत. उरलीसुरली नजरही जाईल, याची मला मनापासून भीती वाटते.

वहिनींना नमस्कार, आणि उत्तर उलट टपाली यावे.

आपला,
नानासो

ता. क. वर जिंकलो असे लिहिले ते खरे नाही. हरलो. नेहमीपेक्षा लवकर.

ता. क. आणखी एक. चाचांना तुम्ही आपल्या नावाने पत्र लिहा, की "माझी नजर अधू झाली आहे, डॉक्टरपुढे एकट्याने बसायची भीती वाटते, सोबतीला मिरजेला या." जरिना वाचून दाखवील. स्वतःसाठी ते उंबरा ओलांडणार नाहीत, दुसऱ्यासाठी अनवाणी येतील. पुढचे तुम्ही आणि डॉक्टर बघा. हरल्यावर माझे तोंड बघून चाचा पोट धरून हसायचे, दादा. त्या दिवशी हरलो तेव्हा हसले नाहीत. एवढेच विचारले, "नानासो, हाईस का गेलास?"