कोठारावरची पेटी

ती. आईस,

तुझ्या खुळ्याचा दंडवत. मी खुशाल आहे, खोकलाही गेला. काळजी नसावी.

तू ओरडशील म्हणून सांगितलं नव्हतं. इथे शेतावरच्या कोठाराला मी घुबडांसाठी लाकडी पेटी ठोकलीय. नाक मुरडू नकोस! उंदरांनी धान्याचा फडशा पाडला होता, मालक विष टाकायला निघाले होते. मी म्हटलं, "मालक, घुबडं येऊ द्या, फुकटचे राखणदार." ते हसले, पण थांबले. जोडी आली, पिल्लंही झाली.

आज कळलं, शेजारच्या मळेवाल्याने बांधापलीकडे विषाच्या गोळ्या टाकल्यात. तसला उंदीर खाल्ला की घुबडही गेलंच. दुपारभर बादली घेऊन मेलेले उंदीर वेचले. पण एखादा राहिलाच असेल गं.

बाबा काठी घेतात, की अजून भिंत धरूनच चालतात?

खिडकीतून पेटी दिसते. नर तिन्हीसांजेला गेलाय, अजून पत्ता नाही. पिल्लं भुकेने फिस्कारताहेत. माझं ताट तसंच झाकून ठेवलंय. (जेवतो मी, काळजी करू नकोस.)

आला! आई, नर आला. चोचीत उंदीर आहे. बांधाच्या कुठल्या बाजूने आला, तेवढं मात्र अंधारात दिसलं नाही.

पिल्लं गप्प झालीत. पोट भरलं म्हणूनच असेल.

घुबडाचं नाव काढलेलं तुला खपत नाही, ठाऊक आहे. तरी आज त्यांच्यासाठी हात जोड. माझ्यासाठी उद्या जोडलेस तरी चालेल.

तुझा,
खुळा