सत्त्याहत्तर न वाचलेले मेल

सोमवार, ५ फेब्रुवारी

सूचनाफलकावर आमचं नाव लागलंय. म्हणजे नाव नाही, नुसतं 'संगणक विभाग'. पण विभागात सर आणि मी, दोनच माणसं — तेव्हा आम्हीच. वर्षभरात रुग्णालयाची यंत्रणा एकदाही बंद पडली नाही म्हणून शुक्रवारी सत्कार. घरच्यांनाही आणा, असं खाली लिहिलंय.

सर बावीस वर्षं तळमजल्यावरच्या या खोलीत आहेत. पुढच्या महिन्यात निवृत्त होतील. "प्रिंटर अडकला की सगळे येतात," म्हणाले, "प्रिंटर नीट चाललाय हे सांगायला आजवर कोणी आलं नाही." मग बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि हळूच विचारलं, "कोट घालावा का गं?"

बाबा गोदामात माल उचलायची गाडी चालवतात. माझी नोकरी त्यांना अजून उमगलेली नाही. "काही बंद पडू नये हे तू बघतेस. मग बंद पडलंच नाही, तर तू काय केलंस हे त्यांना कळणार कसं?" आई म्हणाली, "कळलं ना आता? सत्कार काय उगाच करतात? घरातली पहिली पदवी आहे ही."

मंगळवार, ६

सकाळी डायलिसिसच्या सिस्टरांचा फोन. पेशंटांच्या वजनांचे तक्ते असलेलं फोल्डर चुकून पुसलं गेलं. "तुमच्याकडे कॉपी असते ना? आणून द्या बाई." मी म्हटलं, दहा मिनिटांत देते. किती ऐटीत म्हटलं!

कॉपी उघडली तर शेवटची तारीख २० नोव्हेंबर.

सर्व्हर रोज रात्री सगळ्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवतो आणि मेल पाठवतो — काम झालं, किंवा झालं नाही. मेलचा पाऊस नको म्हणून नोव्हेंबरात मीच नियम लावला, की हे मेल परस्पर वेगळ्या कप्प्यात जावेत. रोज कप्पा उघडून बघीन, असं ठरवलं होतं. पहिला आठवडा बघितलाही. नंतर विसरले. डिस्क भरली, कॉपी थांबली, आणि यंत्रणा इमानेइतबारे रोज सांगत राहिली. सत्त्याहत्तर मेल. एकही उघडलेला नाही.

डिस्कवर जागा करून दुपारीच नवी कॉपी सुरू केली. बाकी रुग्णालयाचं सगळं सुखरूप आहे. गेले ते फक्त डायलिसिसचे अकरा आठवडे.

सिस्टरांना सांगितलं, "थोडा वेळ लागेल." हे खोटं की अर्धखोटं? माझं मलाच ठरवता येईना.

बुधवार, ७

सरांना सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दार लावलं आणि म्हणाले, "शुक्रवार जाऊ दे."

"सिस्टर वाट बघताहेत, सर."

"डिस्क बिघडली सांग. डिस्का बिघडतात." मग, माझ्याकडे न बघता, "बायकोने कोट धुवायला दिलाय."

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर हायसं वाटलं. तीन दिवस मिळाले ना. शाळेच्या निबंधांत मी कायम सत्याची बाजू घ्यायचे. निबंधात काय जातं.

संध्याकाळी सिस्टर जिन्यात भेटल्या. "अहो, आज आठवून आठवून वजनं सांगितली मी. एकेचाळीस माणसं आहेत. उद्या तरी द्या." मी मान हलवली. होकाराची!

गुरुवार, ८

खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजोबांना आज त्रास झाला. शरीरातलं किती पाणी काढायचं ते मागच्या वजनांवर ठरतं. सिस्टरांच्या आठवणीत दीड किलोची चूक झाली. जास्त पाणी निघालं, रक्तदाब उतरला, पायात गोळे आले. दुपारपर्यंत सावरले, चहा मागितला. मी दारातून बघितलं. मग सरळ आत गेले आणि सिस्टरांना सगळं सांगितलं. डिस्क बिघडलेली नाही, मेल मी बघितले नाहीत, तक्ते परत येणार नाहीत.

त्यांनी नोंदवही मिटली. "चूक सगळ्यांकडून होते. फोल्डर पुसणारीही माझ्याच हाताखालची पोरगी आहे. पण मंगळवारी का नाही बोललात? प्रत्येक पेशंटच्या घरी वही असते. वजनं लिहून नेतात ते. एक फोन केला असता तर बुधवारी वह्या इथे असत्या."

एक फोन.

दुपारपासून आम्ही दोघी फोन करत होतो. संध्याकाळपर्यंत तेवीस वह्या आल्या. कुणाच्या सुनेचं अक्षर, कुणाच्या नातवाचं. मी टाइप करत गेले. एकीत दर वजनाखाली लिहिलं होतं, 'आज बरं वाटलं'. त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. मी केला.

घरी आले तर आईने दोन साड्या काढून ठेवल्या होत्या. "कुठली नेसू उद्या?"

शुक्रवार, ९

सकाळी सरांना म्हटलं, "सिस्टरांना खरं सांगितलंय. आज स्टेजवर मी येणार नाही." ते फक्त म्हणाले, "ये. आई-बाबा आलेत ना तुझे."

सरांना माइक दिला. कोट थोडा घट्ट होत होता. म्हणाले, "वर्षभर यंत्रणा चालू होती हे खरं, पण अकरा आठवडे कॉपी होत नव्हती. सूचनांचे मेल बाजूला टाकायचा नियम मी लावला आणि विसरलो. हे शोधून काढलं या मुलीने, आणि दोन दिवस बसून ती तक्ते पुन्हा उभे करते आहे. सत्कार तिचा करा."

सभागृह उभं राहिलं. सिस्टर टाळ्या वाजवत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. आई पदराने डोळे पुसत होती. बाबा शेजारच्या माणसाला सांगत होते, "माझी मुलगी." मी माइककडे पाऊल टाकलं तर सर कानाशी म्हणाले, "मला महिनाच काढायचाय. तुझी पहिली नोकरी आहे. गप्प उभी राहा."

मी उभी राहिले. पुष्पगुच्छ घेतला.

शनिवार, १०

अधीक्षकांच्या टेबलावर पत्र ठेवून आले. नियम कोणाच्या नावाने, कोणत्या तारखेला लागला, याची नोंद सर्व्हरवर असते. ती छापून सोबत जोडली. आईला अजून सांगितलेलं नाही.