खडीने खाल्लेला भार

तीर्थस्वरूप मावशीस,

हेल्मेट काढून, रुळापासून सुरक्षित अंतरावर उभं राहून केलेला नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना? (उत्तर 'हो'च येणार, तरी विचारायची पद्धत म्हणून विचारते.) मी मजेत आहे. काकाही मजेत आहेत, फक्त इथे त्यांना काका म्हणायला बंदी आहे. दिवसभर मी सख्ख्या मावशीच्या नवऱ्याला 'साहेब' म्हणते. दुपारी ते न विचारता माझ्या डब्यात हात घालतात, तेवढा वेळ नातं चालू असतं.

आमचं काम नक्की काय, असं तू विचारलं होतंस. रुळांखालची खडी गाडी गेली की दबते आणि मग थोडी वर येते. किती दबते, किती वर येते, हे आम्ही मोजतो. त्यासाठी स्लीपरखाली, खडीच्या पोटात, ताटलीएवढी यंत्रं पुरली आहेत. वरून गाडी गेली की खोलीतल्या पडद्यावर एक रेष उडी मारते आणि आम्ही चांगली शिकलीसवरलेली माणसं ती बघत बसतो. (आईला वाटतं मी पूल बांधते. वाटू दे.) आता या यंत्रांना पुरण्याआधी शिकवावं लागतं, की इतक्या वजनाला इतकी उडी. त्यासाठी लोखंडी वजनं मागवली होती, ती भलत्याच स्टेशनावर उतरली. थांबायला सवड नव्हती. तेव्हा साहेबच म्हणाले, मी उभा राहतो, बुटांसकट बरोबर ऐंशी किलो. आणि एकेका यंत्रावर श्वास रोखून उभे राहिले. साहेबांचं वजन करून बघू म्हणायची कुणाची टाप आहे? ऐंशी म्हणजे ऐंशी.

पुढे पहिलंच इंजिन गेलं, ते आमच्या हिशेबात पाचव्या हिश्शाने हलकं भरलं. दुसरंही तसंच. इंजिनाच्या ड्रायव्हरचं म्हणणं, एवढं हलकं असतं तर चढावर रडलं कशाला असतं? पण साहेबांनी डोळे मिटून विचार केला आणि शोध लावला, की आपली खडीच पाचवा हिस्सा भार खाऊन टाकते! तेव्हापासून स्वारी हवेत आहे. परिषदेत भाषण ठरलंय. अहवालावर शुक्रवारी सह्या होतील, मग या मार्गावर जास्त भरलेल्या मालगाड्या सोडतील. मावशी, खडी काही खात नाही गं, दगड आहे तो. भार पुरता पडणार, रूळ खचणार, आणि त्याच रुळांवरून माणसांच्याही गाड्या जातात. मला खरोखर भीती वाटते. सांगायला म्हणून मी दोनदा साहेबांपुढे तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी पोट आत घेतलं, आणि मला पुढे बोलवेना.

बाकी हवा छान आहे. धूळ फार.

तुझी,
भाची

ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच, की काकांचं खरं वजन किती? दर रविवारी तू त्यांना काट्यावर उभं करतेस, हे अख्ख्या घराला ठाऊक आहे. फोनवर नको, त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे. पत्र जीपवाल्याच्या हाती देतेय, आकडा त्याच्याच हाती पाठव. काकांना यातलं काही कळता कामा नये.

ता. क. (हे अक्षर तुझ्या नवऱ्याचं.) साहेबांच्या घरचं टपाल म्हणून जीपवाल्याने पत्र आधी मलाच आणून दिलं. वाचलं. मालधक्क्यावरच्या काट्यावर जाऊन आलो. बुटांसकट शंभर. अहवाल परत मागवला, भाषण रद्द केलं. भाषणाचं फार वाईट वाटतंय. पोरीला मात्र तुझ्याकडून ऐंशीच कळलं असतं. रविवारी तू आकडा बघायला वाकतेस, तेव्हा मी मागून बेसिनवर हात टेकून असतो.