माझ्या वर्षातले तुमचे रविवार

बाबा, काल आपल्या क्लबचं डोळ्यांचं शिबिर झालं, भिवापूरला. आज रविवार, बर्डीवरचं माझं चष्म्याचं दुकान बंद आहे, तरी मी शटर अर्धं वर करून आत येऊन बसलेय. घरी बसले असते तर कुणाशी तरी भांडले असते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि भांडायला मला अजून तुम्हीच आठवता.

तुम्ही क्लबचे अध्यक्ष होतात ते वर्ष मला आठवतच नाही, मी फार लहान होते. मला आठवता ते माजी अध्यक्ष झालेले तुम्ही. जुलै उजाडला की नव्या अध्यक्षाच्या गळ्यात ती पट्ट्यापट्ट्यांची कॉलर पडायची आणि लगेचच्या रविवारी तो माणूस आपल्या स्वयंपाकघरात हजर. बैठकीत नाही, स्वयंपाकघरात. आई देवळात गेलेली असायची, चहा तुम्ही स्वतः करायचात. मी दहावीत असताना वकीलदादा अध्यक्ष झाले. तेव्हा ते अगदी तरुण होते, कोर्टात कुणी उभंही करत नव्हतं त्यांना. क्लबमधले दोन जुने अध्यक्ष त्यांना मीटिंगमध्ये तोंड उघडू देत नाहीत म्हणून रडकुंडीला येऊन ते बसलेत, आणि तुम्ही त्यांच्यासमोर पाटावर. मी वादविवादाची ढाल जिंकून आणली होती आदल्या दिवशी, ती दाखवायला दारात उभी आहे. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "ठेव तिथं वं माय, आलोच." मग त्यांच्याकडे वळून, "तू बोल गा. मी ऐकून राहिलो." ढाल मी कणकेच्या डब्यावर ठेवली. तुम्ही आलात, पाहिली, शाबासकीही दिलीत, नाही असं नाही. पण तोवर आई परत आली होती, कुकरची शिट्टी झाली होती आणि वकीलदादा दोन कप चहा पिऊन, हलके होऊन निघून गेले होते. इतकं ऐकून घेणं मला तुमच्याकडून कधी मिळालं नाही. त्या दिवसापासून मला तो माणूस आवडत नाही. आजवर मी त्यांना दादा म्हणत आलेय.

क्लबमध्ये तुमचं नाव होतं ते खुर्च्यांसाठी. बाकीचे माजी अध्यक्ष कोटावर पिन लावून पहिल्या रांगेत बसायचे, आमच्या वेळी असं नव्हतं, आमच्या वेळी तसं होतं, म्हणायचे. तुम्ही मागे खुर्च्या लावत असायचात. कुणी स्टेजवर ओढायला आलं तर म्हणायचात, "कॉलर उतरली का मान मोकळी होते भाऊ. मोकळ्या मानेच्या माणसानं वजन उचलावं." लोक हसायचे, आणि तुम्ही खरंच उचलायचात.

मग मी अध्यक्ष झाले. क्लबातली पहिलीच बाई. पदग्रहणाच्या दिवशी तुम्ही शेवटच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवल्यात, डोळे पुसलेत, ते मी स्टेजवरून पाहिलं. पुढच्या रविवारी मी लवकर उठले. पोहे केले, चहाचं आधण ठेवलं, तुमचा पाट मांडला. एवढी वर्षं वाट पाहिल्यावर आता माझी पाळी होती. तुम्ही आलात, पायात चपला अडकवल्या, हातात पिशवी घेतली आणि म्हणालात, "जरा जाऊन येतो." दुपारी आलात. पुढच्या रविवारीही तेच. वर्षभर तेच. मीटिंगला येणंही तुम्ही सोडलंत. आईला विचारलं तर ती म्हणे, "त्याहिले वाटते लोक म्हणतील का बापच चालवते म्हणून." हे मला समजत होतं. समजून राग जातो असं कुठं आहे?

भिवापूरचं शिबिर माझ्या वर्षातलंच, पहिलं. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांचे डोळे तपासायचे ही कल्पना माझी. गावातल्या शाळेत हॉल घेतला, बॅनर लावले, डॉक्टर नेले, पाहुणे बोलावले. दुपार झाली तरी समोर मोजक्या म्हाताऱ्या आणि मास्तर बसलेले. बायांचा पत्ता नाही. मी शाळेतल्या फोनवरून तुम्हाला फोन लावला. "बाबा, बाया काहून नाही येऊन राहिल्या?" तुम्ही म्हणालात, "अध्यक्षाले विचार ना."

"मीच आहे ना बाबा अध्यक्ष!"

"हो ना. मंग पाह्य तू."

फोन ठेवला तो मी, तुम्ही नाही. माझं वर्ष संपल्यावर चार-पाच महिन्यांत तुम्ही गेलात. त्या फोनबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही.

आता मी माजी आहे, पुष्कळ वर्षांची. पहिल्या रांगेत बसते, खुर्च्या उचलत नाही, गुडघे दुखतात असं सांगते. यंदाची अध्यक्ष हिंगण्याच्या एका कंपनीत इंजिनीअर आहे, पस्तिशीची, मोटारसायकलवर मीटिंगला येते, हेल्मेट टेबलावर ठेवून सरळ कामाला लागते. तिनं आल्याआल्या माजी अध्यक्षांना शाल-नारळ देणं बंद केलं. "तेवढ्या वेळात दहा जणांचे डोळे तपासून होतात," म्हणाली, आणि हसली. आम्ही माजी लोक पार्किंगमध्ये उभं राहून कुरकुरलो. मी सगळ्यांत जास्त. शाली मला आवडत नाहीत, कपाटात कुजतात. पण तिनं सल्ल्यासाठी एकदाही मला फोन केला नाही, आणि ते म्हणता येत नाही ना, म्हणून शालीवर बोलले.

काल तिनं शिबिर शाळेत घेतलंच नाही. थेट सातऱ्यावर घेतलं, म्हणजे मिरची वाळवायच्या उघड्या मैदानावर, जिथं बाया ओळीनं बसून मिरची खुडतात, तिथंच, ढिगांपासून जरा लांब मांडव टाकून. ठेकेदाराशी आधी बोलून ठेवलं होतं. पाच-पाच बाया उठायच्या, हात धुवायच्या, तपासून घ्यायच्या आणि परत जाऊन बसायच्या. कुणाची मजुरी बुडत नव्हती. हे तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. दोन आठवड्यांपूर्वी ती गाडी घेऊन एकटी गेली होती आणि बायांना विचारून आली होती. एवढंच. मी डॉक्टरांना विचारलं होतं, सरपंचांना विचारलं होतं, शाळेच्या हेडमास्तरांना विचारलं होतं. बायांना विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मला तिनं फ्रेम बसवून द्यायच्या टेबलावर बसवलं. "ताई, हे तुमच्यासारखं कोणाले जमत नाही." खरंच आहे ते. एका बाईनं चष्मा लावून स्वतःचे तळहात पाहिले, लाल, फाटलेले, आणि म्हणाली, "अग्गोबाई, एवढे खराब झाले का?" आजूबाजूच्या सगळ्या हसल्या, ती पण. मीही हसले. मांडवात माणसं मावत नव्हती. आणि प्रत्येक नव्या बाईबरोबर माझ्या छातीत काहीतरी तिखट उतरत होतं, ते सातऱ्यावरच्या हवेचं नव्हतं.

परतताना वकीलदादांच्या गाडीत जागा मिळाली. आता ते म्हातारे झालेत, ड्रायव्हर ठेवलाय. उमरेड मागे पडल्यावर त्यांनी एकदम विषय काढला. "पोरीनं काम बढिया केलं. तुझ्या बाबाले पटलं असतं. तुझ्या वेळी ते म्हणतच होते, का शाळेत कोण येणार, रोजी पाडून?"

मी म्हटलं, "कुणाला म्हणे?"

"मले. तुझ्या वर्षात दर रविवारी येऊन राहिले होते ना माझ्याकडे. तुले माहीत नाही का?" मी नाही म्हटल्यावर ते ओशाळले. "चहा घेत, बसत, तुझ्याबद्दल बोलत. शिबिर झालं त्या संध्याकाळी तर रडले वं ते. म्हणत, फोनवर सांगणं ओठावर आलं होतं. पण मी सांगितलं असतं तर ते माझंच झालं असतं, तिचं काय राहिलं असतं?"

त्यांना वाटलं हे ऐकून मला बरं वाटेल. कुणालाही वाटलं असतं. बाबा, माझ्या लहानपणाचे रविवार तुम्ही त्यांना दिलेत, ते मी कसंबसं गिळलं होतं. माझ्या अध्यक्षपदाचे रविवारसुद्धा त्यांचेच निघाले. माझी काळजी, माझ्यासाठीचं रडणं, सगळं त्यांच्या घरी. तुम्ही बरोबर होतात, हे मला मान्य आहे. बरोबर माणसावर रागावता येत नाही असं कोण म्हणतं?

आज सकाळी त्या मुलीचा फोन आला. "ताई, पुढच्या रविवारी येऊ का तुमच्याकडे? उन्हाळ्यातल्या शिबिराचं बोलायचं आहे. तुमचं ऐकावं वाटते." मी ये म्हटलं. मी कुठं पिशवी घेऊन फिरायला जाणार नाही. तिनं विचारलं तर सांगेन, आणि ते माझं झालं तर होऊ दे. तुमच्याएवढी मी मोठी नाही.

हे कागद आता फाडायचे आहेत, पोस्टात टाकणार तरी कुठे. तुमच्या फोटोपुढे ठेवले तर घरातलं कुणीतरी वाचेल, आणि एक गोष्ट कुणी वाचायला नको आहे. काल दुपारी मांडव भरलेला असताना आभाळ अचानक भरून आलं होतं. सातऱ्यावर मिरची उघड्यावर पडलेली होती. पाऊस आला असता तर ती नासली असती, त्या बायांचं कामच गेलं असतं, हे मला माहीत होतं. तरी हातात कुणाचा तरी चष्मा धरून मी वर बघत होते, येतो का म्हणून. नाही आला.