आणखी एक फेरी

३ फेब्रुवारी
आले एकदाची! खोली एवढीशी, पण खिडकी थेट धावपट्टीवर उघडते. काम तर झकासच: वर्धापनदिनासाठी या स्क्वाड्रनचा इतिहास लिहायचा. आधी ही लढाऊ तुकडी होती. युद्ध संपलं, विमानं म्हातारी झाली आणि तिची वैमानिकांची शाळा झाली. कालपर्यंत बॉम्ब टाकणारे हात फळ्यावर खडूने ढग काढू लागले. (हे वाक्य पुस्तकात घालायचंच!) मोठे साहेब हसत म्हणाले, ताई, इतिहास लिहा, पण वाचणाऱ्याला घोरायला लावू नका. शिकाऊ मुलंमुली जेवताना तळहातांची विमानं उडवतात आणि पाण्याचे पेले लवंडतात. मजेत दिवस जाणार.

८ फेब्रुवारी
दुपारभर मास्तरांकडे होते. शाळेचे पहिले शिक्षक. आता निवृत्त, कुंपणालगतच्या घरात एकटेच राहतात. लढाईच्या गोष्टी रंगवून सांगितल्या, मग शाळेच्या पहिल्या वर्षाबद्दल सांगू लागले. लढणाऱ्याला शिकवायला बसवलं याचा त्यांना राग होता. तो निघाला चिमणीवर. चिमणी म्हणजे शिकाऊ मुलांच्या पहिल्या तुकडीतली सगळ्यात लहानखुरी मुलगी. ती एकटी वर असताना धुकं उतरू लागलं. रेडिओवर तिने विचारलं, "परत येऊ का?" मास्तर म्हणाले, "आणखी एक फेरी मार." ती टेकडीवर आदळली. चौकशीत ठरलं, तिनेच सूचना मोडली.
मास्तरांनी माझा हात घट्ट धरला. "हे लिही, पोरी. माझं नाव घालून लिही."

१२ फेब्रुवारी
साहेबांना मजकूर दाखवला. चिडले असते तर बरं झालं असतं. समारंभात मास्तरांचा सत्कार आहे, म्हणाले. मेलेल्या मुलीला आता काय फरक पडतो? मग सहज बोलल्यासारखं, इथल्या संग्रहालयाला कायमचं माणूस हवंय, ताई.
खोलीवर येऊन लिहिलं: 'सूचना न पाळल्यामुळे अपघाती मृत्यू.' वर पोटभर जेवले. त्याचीच लाज वाटतेय.

१८ फेब्रुवारी
पुस्तक छापून आलं. संग्रहालयात जुना रेडिओ पुसत होते. त्याची वायर कधीचीच तोडलेली. आतून एका मुलीने अगदी अदबीने विचारलं, परत येऊ का?

२० फेब्रुवारी
आज जेवणघरातल्या भोंग्यातून. मग नळाच्या धारेतून. बाकी कुणाला ऐकू येत नाही. मास्तरांना येतं. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, ते पान वाचलं आणि मिटून माझ्या हातात दिलं. "मला वाटलं होतं, तू तिला उतरवशील." दार लावून घेतलं. मी कितीतरी वेळ पायरीवर बसून होते.

२३ फेब्रुवारी
सकाळी कंट्रोल टॉवरवर गेले. आवाज येतो तरी कुठून, बघायला. कंट्रोलर बाई दुर्बीण लावून खिडकीशी. धावपट्टीवर एक विमान बंद पडलं होतं, म्हणून हवेतल्या शिकाऊ मुलीला वरच घिरट्या घालायला सांगितलेलं. टेबलावरच्या स्पीकरमधून — परत येऊ का?
चिमणीच. मला वाटलं, चिमणीच.
माइक ओढला. म्हणाले, "ये गं. ये परत."
विमान वळलं.

२४ फेब्रुवारी
मुलगी गेली. बंद पडलेल्या विमानावरच येऊन आदळली. आग विझायला दुपार झाली.
कंट्रोलर बाईंना कोठडीत ठेवलंय. रेकॉर्डिंगवर बाईचा आवाज आहे. त्या सांगताहेत, "तो आवाज माझा नाही." साहेबांनी मला विचारलं, तुम्ही टॉवरवर होतात? मी म्हणाले — जिन्यातच होते —
बाईंचा नवरा फाटकाशी उभा आहे. कडेवर मूल. मी पडदा ओढला.

२५
आता दोघी.
चिमणी विचारते. दुसरी विचारत नाही. म्हणते, ताई, तुम्ही ये म्हणालात, मी आले —
खोलीत जळका वास. अगदी मागे. वळणार नाही —
साहेबांकडे जाते. सगळं सांगते. बाईंचा दोष नाही. माइक माझ्या हातात, मीच तिला —