अमावास्येची सुट्टी

परळी, माघ शुद्ध तृतीया, शके १८४२

तीर्थरूप आईस रंगनाथचा दंडवत.

माझे हातपाय धड आहेत, काळजी नसावी. दादांचा खोकला कसा आहे?

या जिनिंग कारखान्याचं काम कसं वाढेल, ते सांगायला मुंबईच्या कॉलेजानं मला इथं धाडलं. मी लिहून दिलं, अमावास्येची सुट्टी अडाणीपणाची, ती बंद करा. शेठजींनी लगेच केली.

काल पट्टा तुटून, यंत्रात कापूस घालणाऱ्या छबुबाईचा उजवा हात गेला. मिस्त्री रामहरी म्हणाला, "अवसेच्या दिशी आमी पट्टे बदलत होतो. कारखाना कावून बंद ठिवता, हे तुमी इचारलंच न्हाई."

शेठजी माझ्यावर फार खूश आहेत. आज विचारत होते, आता आणखी कोणती सुट्टी बंद करू?

आई, आशीर्वाद असावा असं लिहवत नाही.

रंगनाथ